प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : मॉडेल आधी की मोजमाप आधी?

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माहिती-प्रणाली या विषयांत संशोधन करणाऱ्या वाचकांचे सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकच शंका अनेक पत्रांत होती तिथे ती पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : वैद्यकीय सल्ल्याला मदत करणारी प्रणाली हा माझा विषय आहे. नियमांवर चालणाऱ्या पद्धती कालबाह्य झाल्या, न्यूरल नेटवर्कच वापर, असं मार्गदर्शक म्हणतात. नियमांचं काम खरंच संपलं का?

जुने झाले हे खरं. संपले हे मात्र खरं नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला हे नाव मिळालं ते १९५६च्या डार्टमथ इथल्या बैठकीच्या निमित्ताने, आणि नियमांचं व उदाहरणांवरून शिकणाऱ्या नेटवर्कचं अशी दोन्ही घराणी साधारण त्याच काळातली आहेत. नेवेल आणि सायमन यांचा ‘लॉजिक थिअरिस्ट’ हा प्रोग्रॅम चिन्हं आणि नियम वापरून प्रमेयं सिद्ध करत होता. रोझेनब्लाट यांचा १९५८चा परसेप्ट्रॉन (सुरुवातीचं न्यूरल नेटवर्क) उदाहरणांवरून स्वतःचे भार बदलत होता. पुढे कधी एकाचं पारडं जड झालं, कधी दुसऱ्याचं. १९६९मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी एकपदरी परसेप्ट्रॉनच्या मर्यादा दाखवल्या, १९८६मध्ये चुकीवरून प्रत्येक पदराचे भार दुरुस्त करणाऱ्या बॅकप्रोपगेशन पद्धतीमुळे बहुपदरी नेटवर्कचा रस्ता मोकळा झाला, २०१२मध्ये चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत अॅलेक्सनेट या नेटवर्कने पहिल्या पाच अंदाजांतली चूक २६ टक्क्यांच्या आसपासवरून १५ टक्क्यांच्या आसपास आणली. तेव्हापासून वारं एकाच दिशेने वाहतं आहे.

तुमच्या विषयात ‘मायसिन’चा अभ्यास टाळू नका. स्टॅनफर्डमध्ये १९७०च्या दशकात झालेली ही प्रणाली जंतुसंसर्गावर प्रतिजैविकं सुचवत असे. १९७९मध्ये तिची जी परीक्षा प्रसिद्ध झाली तिची मांडणी आजही नमुना म्हणून घ्यावी अशी आहे. मेंदूज्वराचे १० रुग्ण घेतले. प्रत्येकासाठी मायसिनने, विभागातल्या तज्ज्ञांनी आणि शिकाऊ डॉक्टरांनी उपचार सुचवले. कोणता सल्ला कुणाचा हे झाकून सगळं बाहेरच्या ८ तज्ज्ञांकडे पाठवलं. मायसिनचे ६५ टक्के सल्ले स्वीकारार्ह ठरले, विभागातल्या तज्ज्ञांचे ४२.५ ते ६२.५ टक्के. सल्ला यंत्राचा आहे हे परीक्षकांना ठाऊक असतं तर या आकड्यांवर कुणीच विश्वास ठेवला नसता. एवढं होऊनही मायसिन रोजच्या वापरात आली नाही. चांगला निकाल आणि वापर यांच्यात बरंच अंतर असतं.

निवड कशी करायची? ज्ञान आधीच लिहिलेलं असेल, अपवाद मोजके असतील आणि ‘हे का?’ या प्रश्नाला पायरीपायरीने उत्तर द्यावं लागणार असेल, तर नियम घ्या. माणसाला जमतं पण कसं जमतं ते सांगता येत नाही, अशा कामाला (क्ष-किरण चित्र वाचणं, हस्ताक्षर ओळखणं) उदाहरणांवरून शिकणारी पद्धत घ्या. तुमच्या प्रणालीत दोन्ही लागतील. डॉक्टरांच्या मोकळ्या टिपणातून लक्षणं आणि औषधांची नावं मॉडेल काढेल, पण मात्रेची कमाल मर्यादा आणि दोन औषधांचं एकमेकांशी वाकडं आहे का, हे नियमच तपासतील. ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळणारा, २०१६मध्ये गाजलेला अल्फागोसुद्धा नुसतं नेटवर्क नव्हता. पुढच्या चालींच्या झाडाचा शोध आणि नेटवर्कचा अंदाज यांची ती जोडी होती.

नियम बिघडतात ते संख्या वाढल्यावर. पन्नास नियम एका डोक्यात मावतात. पाचशे झाले की नवा नियम कोणत्या जुन्याला आडवा जातो ते कळेनासं होतं. म्हणून प्रत्येक नियमासोबत तो लागू झालाच पाहिजे अशी दोन आणि तो लागू होता कामा नये अशी दोन उदाहरणं साठवा, आणि नियम बदलला की ती सगळी पुन्हा चालवा.

प्रश्न : माझी प्रणाली तयार झाली, चालतेही. समिती मात्र विचारते, “यात संशोधन काय आहे?”

समितीचा प्रश्न रास्त आहे. ‘मी अमुक प्रणाली तयार केली’ हा कामाचा अहवाल झाला. माहिती-प्रणालींच्या क्षेत्रात वस्तू घडवून संशोधन करण्याची मान्य परंपरा आहे, तिला डिझाइन सायन्स म्हणतात. हेवनर आणि सहकाऱ्यांचा २००४चा लेख तिचा पाया मानला जातो. पण त्यातही घडवलेल्या वस्तूने कोणता खरा प्रश्न सोडवला, ती काटेकोरपणे कशी तपासली आणि तिच्यातून इतरांना काय शिकता येईल, हे दाखवावं लागतं.

तुमच्या दाव्याचं एकच वाक्य लिहा, आणि ते खोटं ठरू शकेल असं लिहा. ‘माझी प्रणाली कार्यक्षम आहे’ हे कधीच खोटं ठरत नाही, म्हणून निकामी. ‘तक्रारींचं वर्गीकरण करताना विभागांची श्रेणीरचना मॉडेलला दिली, तर १०० पेक्षा कमी उदाहरणं असलेल्या विभागांत चूक कमी होते’ हे खोटं ठरू शकतं. आता प्रयोगही आपोआप दिसतो : श्रेणीरचना काढून टाका, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा, पुन्हा चालवा. याला अॅब्लेशन म्हणतात. दोन गोष्टी एकाच वेळी काढल्या तर श्रेय कुणाचं ते कळत नाही, आणि प्रबंधांत हीच चूक सर्रास दिसते. बेसलाइनही, म्हणजे तुलनेसाठी घेतलेलं मॉडेलही, दुबळी नको. स्वतःच्या मॉडेलच्या ४० मांडण्या करून पाहिल्या आणि तुलनेतल्या मॉडेलला आहे त्या सेटिंगवर एकदाच चालवलं, तर ती तुलना न्याय्य नाही. दोघांना सारखेच प्रयत्न द्या आणि ते किती दिले ते लिहा.

प्रश्न : सुमारे ४०,००० मराठी दस्तऐवजांवर शोध-प्रणाली करते आहे. शब्द जुळवणारा शोध घ्यावा की एम्बेडिंगचा (मजकुराच्या अर्थाचे आकडे करून ते जुळवणारा)? आणि ती चांगली आहे हे सिद्ध कसं करायचं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर हाती आलं की पहिल्याचं तुम्हीच काढाल.

शोध-प्रणाली मोजण्याची रीत क्रॅनफिल्ड इथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६०च्या दशकात घालून दिली. दस्तऐवजांचा ठरलेला संच, प्रश्नांचा ठरलेला संच, आणि कोणत्या प्रश्नाला कोणता दस्तऐवज उपयोगी याचे माणसांनी दिलेले निर्णय. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात १,४०० दस्तऐवज आणि २२५ प्रश्न होते. १९९२पासून चालणाऱ्या ‘ट्रेक’ स्पर्धांनी तीच रीत लाखो दस्तऐवजांपर्यंत नेली. तेवढे दस्तऐवज माणसांनी वाचणं अशक्य, म्हणून पूलिंग आलं, म्हणजे अनेक पद्धतींचे वरचे निकाल एकत्र करून तेवढेच तपासणं.

तुम्ही असं करा. खऱ्या वापरकर्त्यांचे ५० प्रश्न गोळा करा. स्वतः रचलेले नकोत, कारण दस्तऐवज वाचून रचलेल्या प्रश्नात त्याचेच शब्द उतरतात आणि शब्द जुळवणारा शोध फुकट जिंकतो. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळींत लिहा : काय सापडलं तर समाधान होईल, काय सापडलं तर नाही. मग तीन वेगळ्या जातीच्या पद्धती चालवा आणि प्रत्येकीचे पहिले ३० निकाल एकत्र करून, नक्कल काढून, क्रम विस्कटून परीक्षकांना द्या. प्रश्नामागे जास्तीत जास्त ९० निकाल होतात. नक्कल गेल्यावर ६० उरले असं धरलं तर एकूण ३,००० निर्णय, आणि एकाला अर्धा मिनिट धरलं तर एका परीक्षकाचे २५ तास. हा वेळ आराखड्यात आधीच धरा, शेवटच्या महिन्यात तो मिळत नाही.

सुरुवातीचे २०० निर्णय दोन परीक्षकांकडून स्वतंत्रपणे घ्या. समजा ४० निकालांना दोघांनी ‘उपयोगी’ म्हटलं, १३०ना दोघांनी ‘निरुपयोगी’, २०ना फक्त पहिल्याने उपयोगी म्हटलं आणि १०ना फक्त दुसऱ्याने. एकमत ८५ टक्के दिसतं. पण एक ३० टक्के वेळा आणि दुसरा २५ टक्के वेळा ‘उपयोगी’ म्हणतो, म्हणजे निव्वळ योगायोगानेही ६० टक्के एकमत झालंच असतं. योगायोग वगळून उरलेलं एकमत मोजणारा आकडा, कोहेनचा कप्पा, म्हणजे ०.८५ वजा ०.६०, भागिले ०.४०, म्हणजे ०.६२५. शोधाच्या कामात हा चालण्यासारखा आहे. ०.४च्या खाली आला तर परीक्षकांना दोष देण्याआधी तुमच्या त्या दोन ओळी पुन्हा लिहा, गोंधळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

पूलिंगमधला खड्डा : पूलमध्ये नसलेला दस्तऐवज ‘निरुपयोगी’ धरला जातो. वर्षभराने नवी पद्धत आणलीत आणि तिने कुणी न तपासलेले चांगले दस्तऐवज वर आणले, तर आकडा विनाकारण पडेल. नव्या पद्धतीच्या पहिल्या दहांत न तपासलेले किती, हे आधी मोजा. जास्त निघाले तर ते तपासून घ्या आणि मगच तुलना करा.

आता पद्धती. पहिली बीएम२५, शब्द जुळवून दस्तऐवजांना गुण देणारी. तिच्या मुळाशी कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२मध्ये मांडलेली साधी कल्पना आहे : जो शब्द कमी दस्तऐवजांत येतो, त्याचं वजन जास्त. के१ हे मूल्य १.२ आणि बी हे ०.७५ ठेवून सुरुवात करा. के१मुळे शब्द दहादा आला म्हणून गुण दहापट होत नाहीत, आणि बीमुळे लांबलचक दस्तऐवज केवळ लांबीवर जिंकत नाहीत. सगळे दस्तऐवज सारख्याच लांबीचे असतील तर बी कमी करून पाहा.

मराठीत खरी मेहनत इथे आहे. ‘शाळा’ शोधणाऱ्याला ‘शाळेत’, ‘शाळेचा’, ‘शाळांमध्ये’ सापडायला हवं. नुसते प्रत्यय कापले की ‘महिला’तला ‘ला’ जाऊन ‘महि’ उरतं आणि ‘पर्वत’चं ‘पर्व’ होतं. ‘शाळेत’मधला ‘त’ कापला तरी ‘शाळे’ उरतं, ‘शाळा’ मिळत नाही, कारण सामान्यरूप मध्ये येतं. चांगलं रूपविश्लेषण करणारं साधन हाताशी नसेल तर शब्दांचे चार-चार वर्णांचे तुकडे करून अनुक्रमणिका बनवा. ती फुगते, पण रूपांचा प्रश्न बराचसा सुटतो.

त्याआधी युनिकोड सारखं करा. ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवलेला सापडतो : एकात ‘ऱ’चं स्वतंत्र चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधाला मात्र वेगळे. कित्येक तयार प्रोग्रॅम ‘अदृश्य कचरा’ समजून तो जोडक काढून टाकतात, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. दरी शोधणाऱ्याला समुद्र मिळतो! म्हणून जोडकवाला प्रकार आधी ‘ऱ’च्या चिन्हात बदला, मगच उरलेले अदृश्य वर्ण काढा. ‘ॲ’चेही असेच दोन प्रकार आहेत, आणि १२ व 12 हे आकडेही एकाच रूपात आणा.

एम्बेडिंगसाठी दस्तऐवजाचे १५० ते २०० शब्दांचे तुकडे करा, शेजारच्या तुकड्यांत ३० शब्द सामाईक ठेवा. मॉडेलची टोकनमर्यादा तपासा (टोकन म्हणजे मॉडेल वाचतं तो शब्द किंवा शब्दाचा तुकडा). बऱ्याच मॉडेलांत ती ५१२ असते, आणि बहुभाषिक मॉडेलं एका मराठी शब्दाची दोन-तीन टोकनं करतात, कधी जास्तच. तुकडा मर्यादेबाहेर गेला तर शेपूट मुकाट्याने कापलं जातं, चूक कुठेही दिसत नाही. हजारभर तुकड्यांची टोकनं मोजून सर्वांत मोठा आकडा पाहा.

माझं मत विचाराल तर दोन्ही चालवून निकाल एकत्र करा. दस्तऐवजाचा प्रत्येक यादीतला क्रमांक घ्या, त्यात ६० मिळवा, एकला त्या बेरजेने भागा आणि दोन्ही याद्यांतले आकडे जोडा. एका यादीत पहिला आणि दुसरीत विसावा आलेल्याला सुमारे ०.०२८९ मिळतात, दोन्हींत पाचव्या आलेल्याला ०.०३०८. दोघांनी पसंत केलेला वर येतो, आणि दोन पद्धतींचे गुण एका पट्टीवर आणण्याची कटकटही टळते. कायद्याचं कलम, क्रमांक, व्यक्तीचं नाव असे प्रश्न बीएम२५ सांभाळते, ‘नोकरी गेल्यावर काय मिळतं’ असले प्रश्न एम्बेडिंग. सरासरी काढण्याआधी प्रश्नांचे असे गट पाडून निकाल पाहिलेत तर प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच तयार होईल.

प्रश्न : ट्युरिंग चाचणी आता पार झाली, मग संशोधनात ती वापरायची का?

नाही. लेखी संभाषणावरून समोर यंत्र आहे की माणूस ते ओळखायची ही चाचणी. ट्युरिंग यांनी १९५०मध्ये ती ‘यंत्र विचार करतं का’ या संदिग्ध प्रश्नाला पर्याय म्हणून मांडली. वायझेनबाउम यांच्या १९६६च्या एलायझा या संभाषण करणाऱ्या प्रोग्रॅमने साध्या वाक्यसाच्यांवर लोकांना भुलवलं होतं. माणूस किती भुलतो ते या चाचणीत कळतं, प्रणालीत नेमकं काय सुधारायचं ते नाही.

प्रश्न : चाचणीत माझ्या मॉडेलची अचूकता ९७ टक्के. प्रत्यक्ष वापरात मात्र ते जवळजवळ निरुपयोगी ठरलं. चूक कुठे शोधू?

आधी एक भागाकार करा. शोधायचा प्रकार डेटात ३ टक्केच असेल, तर प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणणारं मॉडेलही ९७ टक्के अचूक असतं. अचूकता बाजूला ठेवा आणि त्या ३ टक्क्यांतले किती पकडले, ‘सापडला’ म्हटल्यापैकी किती खरे, हे दोन आकडे काढा.

ते ठीक असतील तर गळती शोधा, म्हणजे परीक्षेचं उत्तर प्रशिक्षणात कुठून शिरलं ते पाहा. नेहमीच्या जागा अशा. डेटात नकला असतात आणि विभागणी यादृच्छिक केली की एक प्रत इकडे, एक तिकडे जाते. मजकुरासाठी पाच-पाच शब्दांचे तुकडे जुळवून ८० टक्क्यांवर साम्य असलेल्या नोंदी एकाच बाजूला ठेवा. एकाच रुग्णाची अनेक चित्रं असतील तर विभागणी रुग्णावर करा, चित्रावर नको. प्रमाणीकरण, वैशिष्ट्यांची निवड, दुर्मीळ गटाची कृत्रिम उदाहरणं तयार करणं, हे विभागणीआधी केलं तर चाचणीची माहिती प्रशिक्षणात मिसळते. विभागणी नेहमी आधी. भविष्य सांगायचं असेल तर जुन्या काळावर शिकवा, नंतरच्या काळावर तपासा. आणि प्रत्येक स्तंभाला विचारा : निर्णय घ्यायच्या क्षणी ही माहिती हातात असते का? ‘दिलेलं औषध’ हा स्तंभ रोगनिदानाच्या मॉडेलात असेल तर निदान आधीच झालेलं आहे.

गळती नसूनही मॉडेल भलतंच शिकू शकतं. छातीच्या क्ष-किरण चित्रांवर न्यूमोनिया ओळखायला शिकवलेली मॉडेलं चित्र कोणत्या रुग्णालयातलं ते ओळखत होती, आणि रुग्णालयानुसार आजाराचं प्रमाण वेगळं असल्याने तेवढ्यावर गुण मिळत होते, हे २०१८मध्ये दाखवलं गेलं. कोविडकाळात छातीच्या चित्रांवरून निदान करणाऱ्या मॉडेलांचा मोठा आढावा २०२१मध्ये आला. त्यात गुणवत्तेच्या चाळणीतून ६२ अभ्यास उरले, आणि त्यातलं एकही मॉडेल प्रत्यक्ष उपचारात वापरण्याजोगं ठरलं नाही.

यावर एक स्वस्त तपासणी आहे. प्रशिक्षणातली उत्तरं मुद्दाम विस्कटून मॉडेल पुन्हा शिकवा. खऱ्या उत्तरांच्या चाचणीवर तरीही ते नशिबापेक्षा बरंच वर राहिलं तर प्रयोगाच्या नळात कुठेतरी भोक आहे. चित्रांत मधला भाग झाकून फक्त कडा देऊनही आजार ‘सापडत’ असेल तर मॉडेल आजार पाहतच नाही.

प्रश्न : नव्या मॉडेलने ८५ टक्के, जुन्याने ८३ टक्के. लेखात ‘सुधारणा’ म्हणू का? आणि भाषामॉडेल परीक्षक म्हणून वापरलं तर चालेल का?

चाचणीत २०० उदाहरणं असतील तर ८५ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ ५ अंकांचा पट्टा आहे, म्हणजे ८० ते ९०. दोन अंकांचा फरक त्यात बुडतो. पण दोन्ही मॉडेलं त्याच उदाहरणांवर चालली असतील तर याहून धारदार चाचणी आहे, मॅकनेमारची. दोघं बरोबर किंवा दोघं चूक ती उदाहरणं सोडा. १,००० उदाहरणांत फक्त नवं बरोबर असलेली ३० आणि फक्त जुनं बरोबर असलेली १५ निघाली असं धरू. फरक १५, त्यातून एक वजा करून १४, वर्ग १९६, भागिले ४५, म्हणजे ४.३६. ही संख्या ३.८४च्या वर असेल तर पाच टक्के पातळीवर फरक खरा मानतात. ३० आणि १८ असते तर? १२१ भागिले ४८, सुमारे २.५. दावा गेला. नेटवर्क शिकवताना सुरुवातीचं बीज (यादृच्छिक आकडे जिच्यापासून सुरू होतात ती संख्या) बदललं की निकाल बदलतो, म्हणून निदान पाच बीजांवर चालवा आणि पाचही आकडे छापा, सर्वांत गोंडस एकच नको.

भाषामॉडेल परीक्षक म्हणून चालेल, पण त्याचीच परीक्षा आधी घ्या. ही मॉडेलं आधी दाखवलेल्या उत्तराकडे झुकतात, लांब उत्तराला भाळतात आणि स्वतःच्या घराण्यातल्या मॉडेलला झुकतं माप देतात. प्रत्येक जोडी दोन्ही क्रमांनी दाखवा आणि क्रम बदलल्यावर निकाल फिरला तर बरोबरी धरा. माणसांनी तपासलेली २०० उत्तरं राखून ठेवा आणि वर सांगितलेला कप्पा मॉडेल व माणूस यांच्यात काढा. दोन माणसांमधल्या कप्प्याच्या तो जवळपास आला तरच पुढे जा.

तापमान (उत्तरातली यादृच्छिकता ठरवणारं सेटिंग) शून्य ठेवलं तरी बाहेरून चालवल्या जाणाऱ्या मॉडेलकडून तेच उत्तर परत मिळेल याची हमी नसते. गणिताचा क्रम बदलतो, मागचं मॉडेलही बदलतं. आवृत्ती, तारीख, मॉडेलला दिलेल्या सूचनेचा संपूर्ण मजकूर आणि आलेलं प्रत्येक उत्तर फाइलमध्ये जतन करा. दस्तऐवज शोधून उत्तर देणारी प्रणाली असेल तर दोन्ही टप्पे वेगळे मोजा. १०० प्रश्नांत ३० चुकले, तर त्या ३० प्रश्नांना बरोबर उतारा हाताने देऊन पुन्हा विचारा. आता १२च चुकले, तर उरलेल्या १८ चुका शोधाच्या टप्प्यातल्या आहेत आणि सूचनेचे शब्द फिरवून त्या जाणार नाहीत. या १०० शिवाय संग्रहात उत्तरच नसलेले २० प्रश्न ठेवा, आणि त्यातल्या कितींना प्रणाली ‘माहिती नाही’ म्हणते ते वेगळ्या रकान्यात लिहा.